आधी पट्टी, मग हातोडा, छिन्नी शेवटी: फ्रीमेसन लोक लॉजमध्ये नेमकं करतात तरी काय

आमच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर एक काका राहतात, इंजिनिअर होते, आता रिटायर झालेत. मी शाळेत असताना रात्रीची जेवणं आटोपली की हे काका गॅलरीत येरझाऱ्या घालत काहीतरी पुटपुटत असायचे आणि मला वाटायचं जप चाललाय. हातात छोटंसं पुस्तक, त्याला पेपरचं कव्हर, मधेच डोळे मिटायचे, मधेच हळूच पुस्तकात डोकवायचे, आणि अडले की आत ओटा पुसणाऱ्या काकू तिथूनच ओरडायच्या, "अहो, आधी पट्टी, मग हातोडा, छिन्नी शेवटी!" खूप वर्षांनी कळलं की काका फ्रीमेसन आहेत आणि तो जपबिप काही नव्हता, पुढच्या महिन्यात एका नवीन मेंबरसमोर पुस्तक न बघता म्हणायचा उतारा होता. काकांच्या आधी तो काकूंना पाठ झाला होता, ज्यांना त्या लॉजचं (म्हणजे फ्रीमेसन लोकांच्या स्थानिक शाखेचं) मेंबर कधीच होता येणार नव्हतं.

फ्रीमेसन म्हटलं की आपल्याकडे लगेच त्रिकोणातला डोळा, जगाची सूत्रं हलवणारे बारा लोक, डॉलरच्या नोटेवर काय छापलंय वगैरे सुरू होतं. तसले व्हिडिओ मीपण बघितलेत, रात्री एकला बघायला मजा येते. पण खरी गोष्ट त्याच्या मानाने इतकी साधी आहे की कोणाला सांगितली तर ऐकणारा जरा नाराजच होतो. लॉजमध्ये वेळ कशात जातो तर तालमीत. कुस्तीची नाही, नाटकाची असते ना तशी. आणि ही तालीम करता करता माणूस थोडा बरा व्हावा अशी अपेक्षा. बास, एवढंच. आता एवढ्याशा गोष्टीसाठी तीनशे वर्षं जगभर लोक एप्रन बांधून का जमतायत, हे समजून घ्यायला मला बराच वेळ लागला, तेच इथे लिहितेय.

मेसन म्हणजे गवंडी. आपण नाव इंग्रजीत ऐकतो म्हणून गूढ वाटतं, मराठीत म्हटलं तर गवंड्यांचा संघ. युरोपात दगडी चर्चं, किल्ले बांधणारे पाथरवट आणि गवंडी यांच्या जागेवरच्या शेडला लॉज म्हणायचे. तिथे हत्यारं ठेवायची, डबा खायचा, शिकाऊ पोरांना शिकवायचं. स्कॉटलंडमध्ये राजाच्या बांधकामाचा मुख्य अधिकारी होता विल्यम शॉ, त्याने १५९८ आणि १५९९ मध्ये गवंड्यांच्या लॉजसाठी नियम काढले, आणि १५९९ च्या नियमांत एक गमतीशीर गोष्ट आहे, की प्रत्येक कारागिराची आणि शिकाऊची स्मरणकलेत परीक्षा घ्या. दगड घडवणाऱ्याची पाठांतराची परीक्षा! म्हणजे काकांच्या गॅलरीतल्या येरझाऱ्यांचं मूळ निदान चारशे वर्षांपूर्वीचं आहे.

पुढे सतराव्या शतकात हळूहळू या लॉजमध्ये असे लोक यायला लागले ज्यांनी आयुष्यात कधी दगडाला हात लावला नव्हता, जमीनदार, डॉक्टर, पुराणवस्तूंचे नादिष्ट, आणि मग २४ जून १७१७ ला लंडनमध्ये चार लॉजनी एका दारूच्या गुत्त्यात जमून आपली ग्रँड लॉज, म्हणजे सगळ्या लॉजच्या वरची मध्यवर्ती संस्था, काढली अशी परंपरेने चालत आलेली तारीख आहे (ती १७२१ असावी असं म्हणणारे इतिहासकारपण आहेत आणि त्यांची भांडणं वाचण्यासारखी असतात). १७२३ मध्ये त्यांची नियमावली छापली गेली. तोपर्यंत प्रत्यक्ष बांधकाम कधीच मागे पडलं होतं. हत्यारं तीच राहिली, पण आता ज्याच्यावर चालवायची तो दगड म्हणजे स्वतः माणूस.

इथेच सगळी मेख आहे. लॉजमध्ये दोन दगड ठेवलेले असतात. एक खाणीतून काढलेला तसाच, ओबडधोबड, आणि दुसरा चहूबाजूंनी साफ घडवलेला. नवीन माणूस म्हणजे पहिला दगड. आपल्याकडे म्हणतातच की टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. फरक एवढाच की आपल्या म्हणीत घाव दुसरा कोणीतरी घालतो आणि आपण सोसायचे, इथे टाकी आणि हातोडा तुमच्याच हातात देतात, घाला म्हणतात.

त्यांच्या तीन पायऱ्या असतात, शिकाऊ, कारागीर आणि मास्टर, आणि इंग्लिश पद्धतीत प्रत्येक पायरीला तीन हत्यारं. शिकाऊला चोवीस इंची पट्टी, हातोडा आणि छिन्नी. पट्टी म्हणजे दिवसाचे चोवीस तास, त्यातले काही प्रार्थनेला, काही काम आणि विश्रांतीला, काही अडलेल्या मित्राच्या मदतीला. अमेरिकेत तर सरळ आठ-आठ-आठ अशी वाटणीच करून टाकलीय. हातोडा म्हणजे सदसद्विवेक, डोक्यात येणारे फालतू विचार ठोकून बसवायला. छिन्नी म्हणजे शिक्षण, कारण हातोड्याने दगड नुसता फुटतो, त्याला धार आणि आकार द्यायचा तर छिन्नी लागते. दुसऱ्या पायरीला गुण्या, लेव्हल आणि ओळंबा, ही तर कुठल्याही साइटवर गवंड्याच्या पिशवीत दिसतील. गुण्या म्हणजे वागणं काटकोनात आहे का बघा, लेव्हल म्हणजे इथे बसलेले सगळे एका पातळीवर, ओळंबा म्हणजे सरळ उभे राहा, कलू नका. तिसरीला आखणीची दोरी, पेन्सिल आणि कंपास. पेन्सिलचा अर्थ मला फार आवडला, आपण बोलतो-करतो ते सगळं वर कुठेतरी लिहिलं जातंय. म्हणजे चित्रगुप्तच की, फक्त वहीच्या जागी पेन्सिल आली.

आता तुम्ही म्हणाल यात नवीन काय, हे सगळं तर चौथीच्या बालभारतीत असतं. बरोबर आहे, मीपण काकांना हेच म्हटलं होतं. खरं बोला, वेळ वाया घालवू नका, मित्राला मदत करा, यात गुपित कसलं आलंय. तर काका म्हणाले, "अगं, माहिती सगळ्यांनाच असतं. तू सांग, काल दिवसभरातले किती तास कुठे गेले?" मी मोबाइल उलटा करून ठेवला. नुसती माहिती देऊन माणूस बदलत नाही, त्याला ती गोष्ट अंगाने करायला लावली पाहिजे, या एका कल्पनेवर हा सगळा कारभार उभा आहे, आणि ते कसं करतात याचा एकच प्रसंग नीट सांगते.

नवीन माणसाला आत घेण्याआधी त्याच्याकडचे पैसे, अंगठी, घड्याळ, धातूची म्हणून जी काही वस्तू असेल ती सगळी बाहेर काढून घेतात. डोळ्यांवर पट्टी, गळ्यात दोर, एका पायात घासत चालायची स्लिपर. बाहेरून बघणाऱ्याला हा निव्वळ तमाशा वाटेल आणि थोडा आहेच. मग शपथ होते, पट्टी सुटते, आणि त्याला खोलीच्या ईशान्य कोपऱ्यात उभं करतात, कारण इमारतीचा पहिला दगड ईशान्येला ठेवायची जुनी रीत. (आपल्या वास्तुवाल्यांना हे कळलं तर लगेच म्हणतील आमच्याकडूनच उचललं.) तिथे उभं केल्यावर त्याला दानधर्मावर चार शब्द ऐकवतात आणि शेवटी सगळ्यांसमोर विचारतात, तर मग तुम्ही गरिबांसाठी काय देताय?

त्याचा हात खिशाकडे जातो. खिशात काहीच नाही. समोर तीस-चाळीस माणसं बसलीयत, बाहेर त्याची गाडी उभी आहे, बँकेत पैसे आहेत, पण या क्षणी एक रुपया नाही. असता तर दिला असता का, असंही विचारतात, तो हो म्हणतो. मग त्याला सांगतात की तुमची टिंगल करायला हे केलं नाही, पुढे कधी कोणी मदत मागत दारात आला तर तुम्ही इथे कसे रिकाम्या हाताने उभे होतात ते आठवा. काकांना त्यांच्या समारंभातलं बाकी काय काय झालं ते आता धड आठवत नाही, पण कान गरम झालेले आठवतात. बँकेत दोन एफडी असलेला माणूस पाच सेकंद भिकारी झाला, ते पाच सेकंद तीस वर्षं टिकले. दानाचं महत्त्व यावर तासभर प्रवचन दिलं असतं तर काका झोपले असते, मला खात्री आहे.

तर समारंभ म्हणजे हे असं. पण ज्याच्यासाठी समारंभ असतो त्याचा तो एकदाच होतो, बाकीच्यांचं काय? बाकीच्यांचं काम म्हणजे तो समारंभ त्याला करून देणं, आणि खरी मेहनत तिथेच आहे. इंग्लिश पद्धतीत सगळं तोंडपाठ. पानंच्या पानं. छापील पुस्तकात गुप्त शब्दांच्या जागी ठिपके नाहीतर नुसती अक्षरं असतात, आणि बाकीची भाषा अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली, एकेक वाक्य रेल्वेगाडीएवढं. याच्या सरावासाठी वेगळ्या शिकवणी-लॉज भरतात. लंडनमध्ये १८२३ पासून चालू असलेली इम्युलेशन लॉज ऑफ इम्प्रूव्हमेंट आहे, तिथे पूर्ण समारंभ एकही चूक न होता, एकदाही न टोकता करून दाखवला तर चांदीची काड्यापेटी मिळते. म्हणजे काड्यापेटीचं चांदीचं कव्हर. मोठमोठे वकील, सर्जन त्या काड्यापेटीसाठी वर्षानुवर्षं घोकत बसतात. मला हे वाचून फार बरं वाटलं, आपले वेदपाठशाळेतले विद्यार्थी आठवले.

पण पाठांतराने माणूस चांगला कसा होईल? नुसत्या पाठांतराने नाहीच होत. पण मला जेवढं कळलं त्यावरून दोन-तीन गोष्टी होतात. एक म्हणजे ज्या वाक्यांकडे आपण वाचताना दुर्लक्ष करून पुढे जातो ती पाठ करताना दोनशे वेळा तोंडातून जातात, आणि नको तेव्हा आठवतात. काकांना ऑफिसात कोणावर तरी खेकसायला तोंड उघडलं की हातोड्याचं वाक्य आठवायचं, त्यांच्या मते हा मोठा त्रास होता. दुसरं, सगळ्यांसमोर उभं राहून बोलायची सवय. लॉजमध्ये पदांची एक शिडी असते, दरवर्षी एक-एक पायरी, आधी आतल्या दारावर पहारा, मग डीकन, मग ज्युनिअर वॉर्डन, सीनिअर वॉर्डन आणि शेवटी एका वर्षासाठी वर्शिपफुल मास्टर, म्हणजे सगळ्यात मोठी खुर्ची. वर्ष संपलं की खुर्चीवरून खाली. मास्टर होऊन गेलेला माणूस पुढच्या वर्षी गरज पडली तर दाराबाहेर तलवार घेऊन उभं राहायचं काम करतो, त्याला टायलर म्हणतात. आपल्याकडे सोसायटीचा चेअरमन एकदा झालेला माणूस मरेपर्यंत चेअरमनसारखाच बोलतो, त्यामुळे मला या शिडीपेक्षा ते उतरणं जास्त महत्त्वाचं वाटतं.

आणि तिसरं म्हणजे बोलायची शिस्त. मीटिंगमध्ये बोलायचं तर उभं राहायचं, मास्टरला उद्देशून बोलायचं, कोणी बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. फ्रेंच परंपरेतल्या बऱ्याच लॉज याच्याही पुढे जातात, तिथे शिकाऊने मीटिंगमध्ये बोलायचंच नाही, पुढची पायरी मिळेपर्यंत गप्प बसून ऐकायचं. आणि तिथे पाठांतरापेक्षा लिखाणावर भर असतो, मेंबरने एखाद्या चिन्हावर किंवा विषयावर निबंध लिहून आणायचा आणि उभं राहून वाचायचा, त्याला ते फळी म्हणतात, आखणीची फळी या अर्थाने. इंग्लिश पद्धतीत तुम्ही दुसऱ्याचे शब्द स्वतःच्या तोंडात घोळवता, फ्रेंचमध्ये स्वतःचे शब्द दुसऱ्यांपुढे मांडता आणि ऐकून घेता. मला विचाराल तर मला फ्रेंच पद्धत झेपली असती, पण वर्षभर गप्प बसणं नसतं झेपलं.

धर्म आणि राजकारण या दोन विषयांवर इंग्लिश परंपरेच्या लॉजमध्ये बोलायला बंदी आहे. इंग्लंडच्या आणि भारताच्या ग्रँड लॉजमध्ये यायचं तर कोणत्या ना कोणत्या परमेश्वरावर विश्वास लागतो, कुठला ते विचारत नाहीत. फ्रान्सच्या ग्रँड ओरिएंटने (तिथली ग्रँड लॉजसारखीच मध्यवर्ती संस्था) १८७७ मध्ये ती अटच काढून टाकली आणि तेव्हापासून इंग्लंडवाले आणि ते एकमेकांना मानत नाहीत. बंधुभाव शिकवणाऱ्या दोन संस्था दीडशे वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, आता काय म्हणायचं.

बोलत नाहीत वरून आठवलं. एप्रनचा एक नियम आहे, हा मला सगळ्यात जास्त आवडलेला. नवीन मेंबरला पांढरा, कोकराच्या कातड्याचा एप्रन बांधतात तेव्हाच सांगतात की ज्या लॉजमध्ये तुमचं ज्याच्याशी भांडण आहे असा माणूस बसणार असेल तिथे हा एप्रन बांधायचा नाही. आधी त्याला बाहेर बोलवा, मिटवा, आणि मग दोघं मिळून आत या. नाही मिटलं तर एकाने किंवा दोघांनीही घरी जावं, पण तोंड फिरवून आत बसू नये. काकांचं त्यांच्याच लॉजमधल्या एका मेंबरशी पैशावरून वाजलं होतं, फ्लॅटचं डिपॉझिट की काय, तपशील मला सांगितला नाही. मीटिंगच्या दिवशी दोघं जिन्याखाली उभे, एप्रनच्या बॅगा हातात, वरून लोक एकेक करून जातायत, नमस्कार करतायत, हे दोघं अर्धा तास तिथेच. मिटलं नाही. काका म्हणाले मग मी चर्चगेटला गेलो आणि लोकल पकडली, तोही गेला असणार, कारण दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीचा फोन आला की दोन खुर्च्या रिकाम्या का होत्या. पुढच्या मीटिंगलापण नाही मिटलं. तिसऱ्याला त्या माणसाने निम्मे पैसे आणले आणि काकांनी निम्मे सोडले. काका म्हणतात एप्रन नसता तर मी कोर्टात गेलो असतो आणि पूर्ण पैसे मिळाले असते. हे तक्रार म्हणून सांगतात की काय ते मला अजून कळलेलं नाही.

दानधर्माबद्दल थोडक्यात. आकडे मोठे असतात आणि बाहेर तेच सांगितलं जातं. अमेरिकेत श्राइनर्स म्हणून मेसनांचीच एक शाखा आहे, त्यांनी १९२२ पासून लहान मुलांची हॉस्पिटलं काढली. आपल्याकडे कोइम्बतूरला मुलांचं मेसॉनिक मेडिकल सेंटर आहे, दिल्लीला शाळा आहे. चांगलंच आहे, पण देणगी तर रोटरीवालेपण देतात, गणपती मंडळंपण देतात. मला वेगळं वाटलं ते आल्मोनर नावाचं पद. प्रत्येक लॉजमध्ये एक माणूस असतो, त्याचं काम म्हणजे कोण आजारी आहे, कोण बरेच दिवस आला नाही, कोणत्या मेंबरची बायको मागे एकटी राहिलीय याची यादी ठेवायची, फोन करायचा, जाऊन यायचं. काका सहा वर्षं आल्मोनर होते. त्यांच्याकडे एक चौकटीची वही होती, डावीकडे नाव, उजवीकडे तारखा आणि त्यापुढे 'इंजेक्शन आणून दिलं', 'लाइट बिल भरलं', 'नुसत्या गप्पा'. नुसत्या गप्पा सगळ्यात जास्त. चोवीस इंची पट्टीचा तो तिसरा भाग म्हणजे ही वही.

आता दुसरी बाजू, कारण इथपर्यंत वाचून वाटेल की हे सगळे संतच. लेव्हल नावाचं हत्यार म्हणतं सगळे एका पातळीवर. मुंबईत १८४० च्या आसपास काय परिस्थिती होती बघा. इंग्रजांच्या लॉज होत्या, आणि माणेकजी करसेटजी नावाच्या पारशी गृहस्थांना आत यायचं होतं. घेतलं नाही. एप्रन बांधून समतेवर भाषणं म्हणणारी माणसं, पण नेटिव्ह आत नको. माणेकजी शेवटी युरोपात गेले आणि पॅरिसच्या एका लॉजमध्ये मेसन होऊन आले. म्हणजे आता ते रीतसर मेसन, तरी मुंबईत पंचाईत तीच. तेव्हा डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरने, जे पश्चिम भारतातल्या स्कॉटिश लॉजचे प्रमुख होते, डिसेंबर १८४३ मध्ये 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज काढली, खास भारतीयांना आत घेता यावं म्हणून. तिथे पारशी आले, मुसलमान आले. हिंदूंना अजून बराच वेळ लागला, कारण साहेबांचा आक्षेप होता की तुम्हाला देव अनेक, मग एका परमेश्वरावर विश्वास कसा धरायचा. कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार दत्तांनी वर्षानुवर्षं हा वाद लढवला आणि १८७२ मध्ये त्यांना आत घेतलं. पुढे १८८४ मध्ये त्याच शहरातल्या लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाचा तरुण दाखल झाला, त्याला आपण नंतर विवेकानंद म्हणायला लागलो.

माणेकजींनी पुढे १८६३ मध्ये फोर्टात मुलींसाठी इंग्रजी शाळा काढली, अलेक्झांड्रा. ज्या माणसाला एका दारातून परत पाठवलं त्याने मुलींसाठी दुसरं दार उघडलं. मेसन झाल्यामुळे काढली असं मी म्हणणार नाही, ते मुळातच त्या विचाराचे होते. पण हत्यार वापरायला लॉजची खोली लागतेच असं नाही, एवढं दिसतं.

आपल्या लोकांचं या सगळ्याबद्दल काय मत होतं तेही मजेशीर आहे. उत्तरेकडे लॉजच्या इमारतीला जादूघर म्हणायचे आणि मुंबई इलाख्यात सैतानखाना, अशी नोंद इंग्रजांच्याच एका जुन्या शब्दकोशात आहे. दरवाजे बंद, बाहेर नंगी तलवार घेतलेला माणूस, साहेब लोक कमरेला एप्रन लावून आत जातायत, दुसरं काय वाटणार? आज फोर्टातल्या फ्रीमेसन्स हॉलच्या टेबलावर गीता, कुराण, बायबल, अवेस्ता आणि गुरु ग्रंथसाहिब शेजारी शेजारी ठेवतात आणि ज्याने त्याने आपापल्या ग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यायची. भारताची स्वतःची ग्रँड लॉज २४ नोव्हेंबर १९६१ ला झाली, तरी काही लॉज अजून इंग्लंड-स्कॉटलंडच्याच छत्राखाली आहेत.

बायकांचं म्हणाल तर इंग्लंडच्या आणि भारताच्या ग्रँड लॉजमध्ये आजही प्रवेश नाही. फ्रान्समध्ये १८९३ ला स्त्री-पुरुष एकत्र असलेली शाखा निघाली, अ‍ॅनी बेझंट १९०२ मध्ये तिच्यात गेल्या आणि त्यांनी ती भारतात आणली. इंग्लंडमध्ये फक्त बायकांच्या लॉजपण शंभर वर्षांहून जास्त काळ चालू आहेत, तेच विधी, तेच एप्रन. मी काकांना विचारलं की लेव्हलचं काय मग? ते म्हणाले, "तो नियम जुना आहे." मी म्हटलं, लेव्हल त्याहून जुनी आहे. मग चहा आला.

आणि अगदीच तळ गाठलेला किस्सा म्हणजे इटलीतली पी-टू नावाची लॉज. तिला इटलीच्या ग्रँड ओरिएंटने १९७६ मध्येच निलंबित केलं होतं, तरी लिचिओ जेल्ली नावाचा माणूस ती गुपचूप चालवत राहिला, आणि मार्च १९८१ मध्ये पोलिसांना त्याच्याकडे ९६२ नावांची यादी सापडली, मंत्री, जनरल, गुप्तहेर खात्याचे प्रमुख, उद्योगपती. सरकार पडलं. तिथे हत्यारं, शपथा, एप्रन सगळं असणार, नसणार ती फक्त टाकी स्वतःवर चालवायची इच्छा. बंद दरवाज्याचा हा धोका खोटा नाही, आणि मेसन लोक जेव्हा 'आमची गुप्त संस्था नाही, गुपितं असलेली संस्था आहे' असं हसत सांगतात तेव्हा मला जेल्लीची यादी आठवते. इंग्लंडमध्ये शपथेतल्या गळा कापण्याच्या वगैरे जुन्या शिक्षा १९८६ मध्ये काढून टाकल्या, तेही लोकांच्या डोळ्यात यायला लागलं तेव्हा.

मग हे चालतं की नाही? काका म्हणतात त्यांच्या लॉजमध्ये दरवर्षी दोन-तीन जण ओळखी वाढवायला येतात, धंद्याला बरं म्हणून. त्यांना कोणी हाकलत नाही. नियमाने ओळखीचा फायदा घ्यायला मनाई आहेच, पण त्या नियमाची गरजच पडत नाही, कारण दुसऱ्या वर्षी त्यांच्या हातात ते छोटं पुस्तक येतं आणि महिन्याभरात चार पानं पाठ करायला सांगतात. त्यातले निम्मे तिथेच गळतात. उरलेल्यातले काही नुसते पाठांतरात पक्के होतात, धडाधडा म्हणतात आणि पार्किंगमध्ये वॉचमनवर ओरडतात, असेही आहेत. आणि काही थोडे, काकांच्या हिशोबाने पाचातला एक, खरंच बदलतात, पण तो मुळात तसाच होता की लॉजमुळे झाला हे कसं सांगणार.

मी मग काकूंना विचारलं, तुमच्याकडचा दगड किती घडला? काकू भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "हल्ली मी बोलत असताना मध्ये बोलत नाहीत, माझं पूर्ण होऊ देतात, हे खरंय. आधी कधी नव्हतं." मग देठ बाजूला टाकत म्हणाल्या, "पण ओला टॉवेल अजून गादीवरच असतो." आतून काकांचा आवाज आला नाही. ते ऐकत होते, थांबले होते, काकूंचं पूर्ण व्हायची वाट बघत.